माझी पाठ आणि अव्वांचा डावा हात

माझी पाठ पहिल्यांदा दुखली ती पूजेच्या वेळी. पूजा माझी नव्हे, अव्वांची.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या लिंगायत घरात आईला अव्वाच म्हणतात, आणि लग्न होऊन सोलापुरात आले त्या दिवसापासून मीही तेच म्हणत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारे गेले आणि डावी बाजू लुळी पडली. बोलणे जड झाले, बुद्धी होती तितकीच धारदार राहिली. आता आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊनच पूजा करतात, आणि पूजा झाल्याशिवाय अव्वा पाण्याचा घोटही घेत नाहीत. हातच लुळा, तर लिंग ठेवायचे कुठे? म्हणून रोज सकाळी मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसत असे, त्यांचे डावे मनगट खालून धरून हात छातीपर्यंत उचलत असे, आणि उजव्या हाताने त्यांचे भस्म लावून, बेल वाहून होईपर्यंत तसाच धरून ठेवत असे. एके दिवशी उठताना पाठीच्या मधोमध कुणी खिळा ठोकावा तशी कळ आली.

मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली, मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघीच. मला प्रत्येक गोष्टीची यादी करण्याची सवय आहे, तशी या कळेचीही केली. कधी आली, काय करताना आली, किती वेळ टिकली. वहीची अकरा पाने भरली तेव्हा दवाखान्यात गेले. इतक्या उशिरा जाऊ नये. यादी करणे म्हणजे उपचार करणे नव्हे, हे मला अकरा पानांनंतर समजले.

फोटो

डॉक्टरांनी वही शेवटपर्यंत वाचली. "बाई, अर्धं काम तुम्हीच करून आणलंत," असे म्हणून हसले. मग पाठीचा आतला फोटो आला आणि हसणे थांबले. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मलाही बघायचा होता, म्हणून मी उठून त्यांच्या शेजारी उभी राहिले. माळेतल्या मण्यांसारखे मणके, आणि त्यातले दोन मणी कुरतडल्यासारखे.

"मणक्याला क्षय आहे," ते म्हणाले.

"किती दिवस लागतील?"

"दिवसांत मोजू नका. नऊ महिने धरून चाला. प्लास्टरचा साचा करायचा आणि त्यात पाठीवर पडून राहायचं."

"बसायचं केव्हा?"

"बसायचं नाही."

"मग नऊ महिन्यांनंतर?"

"तेव्हा बघू. पण आता उशीर केलात तर पायही जातील. पंधरा दिवसांत या."

लोक विचारतात, त्या क्षणी मरणाची भीती वाटली का? खरे सांगायचे तर नाही वाटली. उद्या सकाळी अव्वांचा हात कोण धरणार, एवढेच मनात आले. भीती परतीच्या वाटेवर आली. तांगा आमच्या शाळेवरून गेला, आतून मुलींचे पाढे ऐकू येत होते, आणि सतराच्या पाढ्यात एक मुलगी नेहमीच्या जागी चुकली. तिला दुरुस्त करायला मी आता आत नाही, असे वाटले आणि तांग्याचा दांडा घट्ट धरला.

भावोजी

माझे दीर मल्लिकार्जुन अक्कलकोटकडच्या एका गावी शेती करतात. निरोप मिळताच आले.

"त्यात काय एवढं वैनी? अव्वाला मी नेतो की."

"मागच्या साली महिनाभर नेलं होतं भावोजी. परत आणलंत तेव्हा पाठीचं कातडं गेलं होतं."

"सुगी हुती. बायका समद्या रानात. कोन बसनार तिच्यापाशी?"

"सुगी यंदाही येणारच."

मग मी म्हाताऱ्या माणसांच्या घराची गोष्ट काढली. सोलापुरात अशी दोन घरे आहेत, असे शाळेतल्या एका बाईंकडून कळले होते.

"आपल्यात असं कुनी केलंय का कवा? जितं मानूस परक्याच्या दारात? लोकं तोंडात शेण घालतील."

"लोकांना सांगा, वैनीनं केलं."

"ते तर सांगनारच हाय," ते म्हणाले, आणि आम्ही दोघेही हसलो. हसताना माझी पाठ लचकली आणि त्यांचे डोळे भरले.

खाटेवरून अव्वांचा जड आवाज आला. "मी अजून मेली न्हाय. मला कुनी इचारलं का?"

"विचारणारच आहे अव्वा. आधी बघून तर येते," मी म्हणाले. हे मी नीट लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी विचारले नाही.

बारा प्रश्न

इमारत कशी, अंगण कसे, याला मी महत्त्व दिले नाही. म्हाताऱ्या माणसाला भिंती सांभाळत नाहीत, माणसे सांभाळतात. म्हणून तिथल्या नोकर माणसांची परीक्षा घ्यायची असे ठरवले. बारा प्रश्न काढले, प्रत्येकाला दहा मार्क. हाक मारली की लगेच येता का? रोज आंघोळ घालता का? कूस वेळेवर बदलता का? भरवताना घाई तर करत नाही? कधी चिडत तर नाही? असे एकेक करत शेवटचा प्रश्न: पूजेच्या वेळी हात धराल का?

पहिले घर एका धर्मादाय संस्थेचे, गावाबाहेर, नव्या दगडी इमारतीत. व्यवस्थापकांनी सगळ्या बायांना ओळीने उभे केले. शांताबाई म्हणून एक तिशीची बाई पुढे होती, स्वच्छ पांढरे लुगडे, नखे कापलेली.

"हाक मारली की लगेच येता का?"

"होय बाई."

"चिडत नाही ना कधी?"

"नाही बाई. देवासारखी माणसं ती."

"पूजेला हात धराल?"

"धरू की बाई. तुम्ही सांगाल तसं."

एकशेवीसपैकी एकशेसोळा. चार मार्क मी आवाज बारीक म्हणून कापले.

दुसरे घर साखर पेठेच्या पलीकडे, भाड्याच्या जागेत. इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई ते चालवत. त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. अकरा म्हातारी माणसे आणि कामाला दोन बाया. सिस्टरबाई चुलीपाशी होत्या. "मी बोलत बसले तर डाळ उतू जाईल. नरसम्माला विचारा काय ते," असे म्हणून त्या वळल्यादेखील.

नरसम्मा पन्नाशीची, तेलुगू विणकर घरातली. मागावर वर्षे काढून मग या कामाला लागलेली. एका आजीचे केस विंचरत होती, ते तिने थांबवले नाही.

"हाक मारली की लगेच येता का?" मी विचारले.

"न्हाय."

"म्हणजे?"

"एकाला धुवायला घेतलंय, ते तसंच टाकून कसं यायचं? 'येते' म्हनून वरडते. मग येते."

"रोज आंघोळ घालता?"

"ज्याला पाहिजे त्याला. ते कोपऱ्यातले अप्पा बघा, सोमवारी घातली की गुरुवारपर्यंत शिव्या देतात."

"शुक्रवारपर्यंत!" कोपऱ्यातून आवाज आला.

"चिडता का?"

"चिडते की. मानूस हाय मी."

शेवटचा प्रश्न विचारताना मी इष्टलिंगाचे सगळे समजावून सांगितले. तिने पहिल्यांदाच हातातली फणी खाली ठेवली. "ते न्हाय जमायचं बाई. तुमचं देव हाय ते. हात हलला, खाली पडलं, तर म्हातारी जीव सोडंल. आन मी बी."

एकशेवीसपैकी एक्केचाळीस.

घरी येऊन दोन्ही बेरजा भावोजींना दाखवल्या. त्यांनाही पटले. अव्वांना सांगितले, "ठरलं. दगडी घर." भिंतीकडे तोंड करता येण्याइतकी त्यांची उजवी बाजू चांगली होती, ते त्यांनी केले.

साचा

साचा घेण्यासाठी आणि विश्रांतीसाठी मला आधी आठ दिवस इस्पितळात ठेवले. तेवढ्यापुरती जाऊबाई अव्वांपाशी राहायला आल्या. साचा कसा करतात याचे मला कुतूहल होते. पालथे झोपवतात, चुन्यासारख्या भिजवलेल्या पट्ट्या पाठीवर एकावर एक बसवतात. आधी त्या गार लागतात, मग आपोआप गरम होतात, चहाच्या कपाइतक्या, मग पुन्हा गार. आपल्या पाठीचा आकार आपण कधी पाहिलेला नसतो. तो वाळून निघाला तेव्हा मी बघायला मागितला. एखाद्या लहान होडीसारखा दिसत होता. यात नऊ महिने.

त्या आठ दिवसांत उठायची बंदी होती, म्हणजे भांड्यासाठी आयांवर अवलंबून. आमच्या वॉर्डात दोघी होत्या. सखूबाई गोड बोलणारी. "आणते हं माय, आत्ता आणते," असे म्हणून जायची. दुसरी हुसेनबी, कपाळाला कायम आठ्या. तिला पहिल्यांदा हाक मारली तर म्हणाली, "अब्बी नै होता बाई. वो कोने के बुढ्ढी का हुए बाद आती." मला राग आला. पण कोपऱ्यातल्या आजीचे आवरले आणि ती आली, न विसरता, हात धुऊन.

मला दुसरा उद्योग नव्हता, समोर भिंतीवर घड्याळ होते. मी टिपण सुरू केले. तीन दिवसांत निष्कर्ष निघाला. सखूबाईचे एक 'आत्ता' म्हणजे कधी पाव तास, कधी पाऊण, आणि कधी कधीच नाही. हुसेनबीचे 'नै होता' म्हणजे जे सांगितले तेच. गंमत अशी की हुसेनबीसाठी थांबणे जड जात नसे. केव्हा येणार हे ठाऊक असले की शरीर धीर धरते. 'आत्ता' ऐकले की ते तयार होते, आणि मग त्याला परत आवरता येत नाही.

चौथ्या दिवशी तेच झाले. सेहेचाळीस वर्षांची बाई, शाळेत ओल्या पाटीवरून मुलींना रागावणारी, आणि मी अंथरूण भिजवले.

"अगं बाई, आधी सांगायचं की माय!" सखूबाई म्हणाली.

मी सांगितले होते. दोनदा. तोंडावर पदर घेतला. हे लिहू की नको, असा विचार पुष्कळ केला. पण ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना आपण एकट्याच नाही हे कळावे म्हणून लिहिते. सखूबाई वाईट नव्हती, हेही लिहायला हवे. त्याच संध्याकाळी तिने माझ्या डोक्याला तेल लावून इतकी सुरेख वेणी घातली की मी लहान मुलीसारखी झोपले. तिला कुणाला नाही म्हणताच येत नसे, एवढाच तिचा दोष. त्याची शिक्षा आम्हाला होई.

पदराखाली पडल्या पडल्या मला माझे बारा प्रश्न आठवले. त्यांतल्या प्रत्येकाचे बरोबर उत्तर एकच होते, आणि ते प्रश्नातच लिहिलेले होते. शाळेत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी साहेब, यायचे असले की आम्ही आठ दिवस आधी मुलींकडून उत्तरे घोटून घेतो. दिपोटीसाहेब विचारतात, मुली एका सुरात सांगतात, साहेब खूश होऊन जातात आणि मागे आम्ही हसतो. त्या दगडी इमारतीत ओळीने उभ्या बायांपुढे मी दिपोटी झाले होते.

दोन आडव्या बाया

साचा पुरता वाळेपर्यंत डॉक्टरांनी चार दिवस घरी सोडले, घराची व्यवस्था लावायला. अट एकच, बसायचे नाही. मी भावोजींना छकडा आणायला सांगितला. त्यात गादी घातली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अव्वा. त्या दिवशी अव्वांची पूजा झालेली नव्हती. माझ्याने वाकवेना, आणि जाऊबाईंनी धरलेला हात दोनदा घसरला म्हणून अव्वांनीच सकाळी 'पुरे' म्हटले. पूजेचे सामान पिशवीत घेतले आणि तशाच निर्जळी निघालो.

"लिलावाला दोन पोती चाललीत जनू," भावोजी बैल हाकताना म्हणाले.

"कुठलं पोतं महाग?" अव्वांनी विचारले.

दगडी इमारतीपाशी मी उतरू शकत नव्हते. शांताबाईंनाच छकड्यापाशी बोलावले. या वेळी एकच प्रश्न होता. "इथं तुम्हाला काय जमत नाही?"

त्यांनी व्यवस्थापकांच्या खोलीकडे पाहिले. "सगळं जमतं बाई."

"इतक्या माणसांना उचलता. कंबर दुखत असेल."

पुन्हा खोलीकडे पाहिले. "नाही बाई." पण त्यांचा उजवा हात कमरेवर दाबलेला होता. ती जागा मला चांगली ओळखीची. त्या बाईला खोटे बोलायची हौस नव्हती. त्या घरात नाही म्हणायची कुणाला मुभाच नव्हती. अव्वांपुढे त्यांनी आदराने चहाचा कप ठेवला. डाव्या बाजूला. अव्वांना तो घ्यायचा नव्हताच, पण घ्यायचा असता तरी पोहोचला नसता.

"चल," अव्वा म्हणाल्या.

साखर पेठेपलीकडे पोहोचलो तेव्हा गिरणीचा भोंगा होत होता. नरसम्मा स्वतःच बाहेर आली, छकड्याच्या काठाला टेकून उभी राहिली. तोच प्रश्न विचारला.

"लई न्हाय जमत," ती म्हणाली. "दोगी बाया, अकरा मानसं. जड मानूस एकटीला उचलत न्हाय, दुसरीला हाक मारते. वाचता येत न्हाय, म्हनून औषधाच्या बाटल्यांना दोरे बांधलेत. तांबडा सकाळचा, काळा संध्याकाळचा. आन तुमचं ते देवाचं, त्या दिवशी न्हाय म्हनलं. पन मग डोक्यात ऱ्हायलं." ती माझ्याकडे वळली. "तुमी मनगट कशाला धरता?"

"मग काय धरायचं?"

"मागावर तुटका धागा सांधायला शिकवताना पोरीचं मनगट धरलं ना, तर बोटं थरथरतात. कोपर धरायचं. कोपर थिर, तर हात थिर."

मग ती अव्वांकडे वळली. आतापर्यंत त्यांच्याबद्दल सगळे माझ्याशी बोलले होते. मी इतरांशी बोलले होते. ती अव्वांशी बोलली.

"अव्वा, तुमचं देव मी शिवनार न्हाय. नुसतं कोपराला हात लावला तर चालंल का?"

अव्वांनी तिला बराच वेळ निरखले. "आंघोळ करून?"

"आत्ताच केलीया."

"उपाशी?"

"ते न्हाय. मी चहा पिऊन येनार. तेवढं सोडनार न्हाय."

अव्वांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. "बा," त्या कानडीत म्हणाल्या. ये.

नरसम्मा छकड्यात चढली. अव्वांना पुढे घेऊन त्यांच्या मागे बसली, आपला गुडघा उभा केला, त्यावर फडक्याची घडी ठेवली आणि अव्वांचे डावे कोपर त्या घडीवर टेकवून वरून आपला तळवा ठेवला. अव्वांनी उजव्या हाताने आपलीच मिटलेली बोटे एकेक करून उघडली. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून तळहातावर ठेवले. मी आडवी पडून बघत होते.

हात हलला नाही.

अव्वांनी पाणी घातले, भस्म लावले, बेल वाहिला आणि नजर लावून बसल्या. नरसम्मा दुसरीकडे पाहत होती, आपण तिथे नाहीच अशी. दोन वर्षे रोज माझ्या हातात तो हात थरथरला होता, आणि मला वाटे थरथर अव्वांच्या आजाराची आहे. ती माझ्या पकडीची होती. मला वाईट वाटायला हवे होते. खरे म्हणजे पुन्हा एकदा करून दाखव म्हणावे इतके कुतूहल वाटले.

भावोजी खाली उतरून फेटा हातात घेऊन उभे होते. पूजा आटोपली, अव्वा पाणी प्यायल्या, तसे ते माझ्यापाशी आले. "वैनी," ते हळूच म्हणाले, "लोकांना मी सांगतो. मी केलं म्हनून."

दोरे

इस्पितळातल्या नऊ महिन्यांबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. छताला सात तुळया, तिसऱ्या तुळईला तडा, त्यात पाल. सकाळी पाठ पुसणे, दुपारी दूध, संध्याकाळी ताप. कुणी बघायला आले तर आधी दारातून माझ्या खोकल्याचा अंदाज घेत. मला खोकला नव्हताच. शाळेतल्या बाई दोनदा आल्या, मग पत्र पाठवू लागल्या. हुसेनबीला मी मुळाक्षरे शिकवली, छताकडे बघत, बोटाने हवेत काढून. ती म्हणे, "ऐसे पढाते तो बच्चे सोते नै?" अर्थात मीच झोपून जाई.

खरी वाट गुरुवारची असे. नरसम्माला लिहिता येत नाही. तिने पहिल्याच आठवड्यात आपल्या नवऱ्याच्या हाती एक पांढरी दोरी पाठवली. तिला सुताचे सात तुकडे बांधलेले. नवऱ्याने समजावले, "तांबडं म्हनजे पूजा बरोबर झाली, अव्वा जेवल्या. काळं म्हनजे न्हाय झाली, न्हायतर जेवल्या न्हाईत."

तीन काळे होते.

मी ती दोरी उशाला बांधून ठेवली आणि तो आठवडा शांत झोपले. ऐकणाऱ्यांना हे विचित्र वाटते. पण काळे होते म्हणून तर मला तांबड्यांवर विश्वास ठेवता आला. सातही तांबडे आले असते तर नऊ महिने त्या साच्यात मी कुढत काढले असते.

पुढे काळे कमी होत गेले. आणि मग एका गुरुवारी दोरी आली ती सातही काळ्यांची. नवरा उभा राहिला नाही, गिरणीची पाळी होती. मला उठता येत नव्हते, मान वळवता येत होती तेवढी. हुसेनबीला सांगितले, कुणालातरी पाठव. "दोपहर को नै होता. छे बजे मैं जाती," ती म्हणाली. सहा वाजता ती चालत साखर पेठेपलीकडे गेली आणि सिस्टरबाईंची चिठ्ठी घेऊन आली. 'ताप होता. लपवण्यासारखं काही नाही. आज उतरतो आहे. पूजा झाली नाही म्हणून रुसल्या आहेत.' रुसल्या आहेत, हे वाचून मी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या गुरुवारी चार काळे आणि तीन तांबडे आले. तांबडे शेवटचे तीन होते.

कुणावर अशी वेळ आली, आपल्या म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्यांच्या हाती सोपवायची पाळी आली, तर माझ्या बारा प्रश्नांची वही मागू नका. ती मी बंबात घातली. त्या माणसांना विचारा, तुम्हाला काय जमत नाही. आणि उत्तर देताना ती कुणाच्या दाराकडे बघतात ते बघा. आपले माणूस सोबत न्या, त्याच्याशी कोण बोलते ते ऐका. बाकी मला फारसे कळलेले नाही.

तोंडी परीक्षा

दिवाळी झाल्यावर मला साच्यातून काढले. पाय वाचले. चामड्याचा, आत पोलादी पट्ट्या घातलेला पट्टा कमरेला बांधून दिला. पहिल्या दिवशी उभी राहिले तेव्हा जमीन फार खाली दिसली. महिनाभर चालायला शिकून मग अव्वांना आणायला गेले. भावोजी छकडा घेऊन बाहेर थांबले.

अव्वा अंगणात उन्हात बसल्या होत्या, नरसम्मा शेजारी शेंगा सोलत होती. वाटले होते, मला बघून अव्वा रडतील. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. मग म्हणाल्या, "थांब. हाक मारली की लगेच येतीस का?"

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. "नाही अव्वा. पट्टा बांधल्याशिवाय उठता येत नाही. 'येते' म्हणून ओरडेन."

"कूस बदलतीस?"

"एकटीला नाही जमायचं. जाऊबाई सुगीपर्यंत राहणार आहेत. सुगीनंतर कोण, ते अजून ठरलेलं नाही."

"चिडतीस?"

"चिडेन."

"पूजेला हात धरतीस?"

"खाली वाकता येत नाही. तुम्हाला उंच पाटावर बसवावं लागेल. आणि कोपर कसं धरायचं ते नरसम्माकडून शिकायचंय, अजून येत नाही मला."

अव्वांनी मान वळवली. "नरसम्मा, किती मार्क?"

नरसम्माने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, माझ्याकडे एकदा बघितले. "काठावर पास."

अव्वांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "मग माझं गाठोडं बांध," त्या म्हणाल्या.